सर्व्हरचं दार: नियम लिहूनही सगळे आत का येतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोकुळ शिरगावच्या तुमच्या डिझाइन ऑफिसात एकच उबंटू सर्व्हर आहे. ड्रॉइंग, पॅटर्नची मॉडेलं आणि कास्टिंगचं सिम्युलेशन सगळं त्याच्यावरच चालतं. डिझाइनची माणसं, डिप्लोमाची दोन-तीन शिकाऊ मुलं आणि बाहेरून सॉफ्टवेअर सांभाळणारा एक सपोर्ट इंजिनिअर, असे सगळे त्यावर लॉगिन करतात. कोणी कुठून लॉगिन करायचं हे ठरवणाऱ्या ॲक्सेस.कॉन्फ फाइलमध्ये तुम्ही ‘डिझाइन गटाला ऑफिसच्या नेटवर्कवरून परवानगी’ अशी एक ओळ लिहिली, तरी सगळेच आत येत राहिले. मग खाली ‘सगळ्यांना बंद’ अशी ओळ टाकली, तर सकाळी कळलं की रात्रीचा बॅकअप झालाच नाही. शिवाय ज्या शिकाऊ मुलाचा पासवर्ड तुम्ही मार्चमध्ये बंद केला होता, तो मे महिन्यात आपल्या प्रोजेक्टच्या फाइली घ्यायला आरामात आत आला.

या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक घेते. खाली नियम देवनागरीत लिहिलेत ते वाचायला सोपं जावं म्हणून. फाइलमध्ये ते रोमन अक्षरांतच टंकायचे, आणि ‘ऑल’, ‘लोकल’, ‘एक्सेप्ट’ हे शब्द मोठ्या अक्षरांत.

पहिली गोष्ट, सगळे आत का येत होते. ॲक्सेस.कॉन्फमधल्या प्रत्येक ओळीचे तीन भाग असतात, मध्ये विसर्गचिन्हासारखे दोन टिंब. पहिल्या भागात अधिक किंवा वजा, म्हणजे सोडा किंवा अडवा. दुसऱ्यात कोण, तिसऱ्यात कुठून. कोणी दाराशी आलं की ही यादी वरून खाली वाचली जाते आणि जी ओळ पहिल्यांदा जुळेल तिथेच निर्णय होतो. खालच्या ओळी मग कोणी बघत नाही. आता खरी मेख: एकही ओळ जुळली नाही, तर माणूस आत जातो. तुमची एकुलती एक ओळ डिझाइनवाल्यांना जुळली, ते आत गेले. शिकाऊ मुलांना ती जुळली नाही, म्हणून तेही आत गेले. परवानगीची ओळ लिहिली म्हणजे बाकीच्यांना आपोआप मनाई झाली, असं इथे होत नाही. मनाई शेवटच्या ओळीत स्वतंत्र लिहावी लागते.

ही पद्धत जुनी आहे. टीसीपी रॅपर आणि पोस्टफिक्स ही सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्या वित्झ व्हेनेमा यांनी त्यांच्या लॉगडीमन या संचासाठी ती आखली, आणि पुढे लिनक्समध्ये लॉगिन तपासणाऱ्या पॅम या व्यवस्थेत पॅम_ॲक्सेस या मॉड्यूलच्या रूपाने ती आली. ज्या काळात मशिन बहुतेकांसाठी उघडंच असायचं आणि मोजक्यांना अडवायचं असायचं, त्या काळातली ही रचना आहे. तुम्हाला नेमकं उलटं हवंय, म्हणून शेवटची मनाईची ओळ कधीही विसरायची नाही. त्या ओळीनंतर एन्टर दाबलेला असू द्या. जुन्या आवृत्त्यांत शेवटच्या ओळीला नवी ओळ सुरू झाल्याची खूण नसेल, तर मॉड्यूल ती ओळ चुकीची समजून सोडून देतं, लॉगमध्ये तक्रार लिहितं आणि पुढे जातं. सोडली जाते ती नेमकी ‘सगळ्यांना बंद’ हीच ओळ. मी हे एका ठिकाणी प्रत्यक्ष पाहिलंय. फाइल डोळ्यांना बिनचूक दिसत होती, आणि दार सताड उघडं होतं.

दुसरी गोष्ट, बॅकअप. तो अडला यावरून मला दोन गोष्टी कळतात. एक, मॉड्यूल चालू आहे. दोन, ते तुम्ही कॉमन-अकाउंट या सामायिक फाइलमध्ये जोडलंय. उबंटूमध्ये पॅम.डी या फोल्डरात प्रत्येक सेवेची आपली फाइल असते: एसएसएचडीची (नेटवर्कवरून एसएसएचने येणाऱ्यांना आत घेणारी सेवा) वेगळी, कन्सोलवरच्या, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या पडद्या-कीबोर्डवरच्या, लॉगिनची वेगळी, क्रॉनची (ठरल्या वेळी कामं सुरू करणारी सेवा) वेगळी. यातल्या बहुतेक फाइली कॉमन-अकाउंटला आत ओढून घेतात. तिथे नियम लावला की तो क्रॉनलाही लागतो. रात्री क्रॉन रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, नावाने बॅकअप सुरू करायला गेला, तेव्हा पॅमने त्यालाही विचारलं, कोण तू, कुठून आलास. क्रॉन नेटवर्कवरून येत नाही, त्यामुळे ‘कुठून’च्या जागी त्याचं स्वतःचं नाव येतं. तुमच्या यादीत रूट नव्हता, क्रॉन नव्हता, शेवटची ओळ जुळली आणि बॅकअप तिथेच थांबला. रात्री सिम्युलेशन क्रॉनवर लावून घरी जाणारे डिझाइनर असतील तर त्यांचंही हेच होणार, कारण त्यांची परवानगी ऑफिसच्या नेटवर्कपुरती आहे आणि क्रॉन त्या नेटवर्कवरून येत नाही.

माझा सल्ला असा. कॉमन-अकाउंटमधून ती ओळ काढा. एसएसएचडी आणि लॉगिन या दोन फाइली उघडून पाहा. पॅम_ॲक्सेसची ओळ उबंटूने आधीच लिहून ठेवलेली असते, फक्त तिच्यापुढे टिप्पणीची खूण (#) असते, म्हणून ती चालत नाही. ती खूण दोन्हीकडे काढा. माणसं या दोन दारांनीच येतात, म्हणून पहारा या दोन दारांवरच असू द्या. रेड हॅट लिनक्सच्या घराण्यातल्या मशिनवर काम करत असाल तर पॅमच्या फाइली हाताने बदलू नका. तिथे ऑथसिलेक्ट या कमांडला ‘विथ-पॅमॲक्सेस’ हे वैशिष्ट्य चालू करायला सांगायचं. मात्र तिथे ते सामायिक फाइलीत बसतं, म्हणून क्रॉनची सोय यादीत आधी करायची.

आता यादी. ती लिहायच्या आधी संगणक बाजूला ठेवून वहीत तीन रकाने आखा: कोण येतं, कुठून येतं, कशासाठी येतं. माझ्या अनुभवात चुका फाइलीत होतात त्याहून जास्त या वहीत होतात, म्हणजे वहीच नसते म्हणून होतात. ‘अमक्याला अडवायचंय’ इथून सुरुवात केली की बॅकअपसारखं न बोलणारं माणूस हमखास राहून जातं. तुम्ही सांगितलेल्या माहितीवरून मी अशी यादी लिहीन:

+ : रूट : लोकल
+ : आणीबाणी : टीटीवाय१
+ : (डिझाइन) : १९२.१६८.१०.०/२४ १०.८.०.०/२४
+ : (शिकाऊ) : १९२.१६८.१०.०/२४
+ : सपोर्ट : १०.८.०.७
- : ऑल : ऑल

कंसातलं नाव म्हणजे गट. कंस न घालताही गट जुळू शकतो, पण उद्या कोणी ‘डिझाइन’ नावाचं खातंच उघडलं तर घोळ होईल, म्हणून कंस घालाच. ‘लोकल’ म्हणजे नेटवर्कवरून न आलेला, यात कन्सोलही आला आणि क्रॉनही. उद्या कोणी पुन्हा सामायिक फाइलमध्ये मॉड्यूल जोडलं तरी पहिल्या ओळीमुळे रूटचा बॅकअप वाचेल. पहिला पत्ता ऑफिसच्या नेटवर्कचा. दुसरा पत्ता, १०.८ ने सुरू होणारा, व्हीपीएनचा (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) धरला आहे. टीटीवाय१ म्हणजे पहिला कन्सोल. सपोर्टवाल्याला व्हीपीएनमध्ये एकच ठरलेला पत्ता द्या आणि यादीत तेवढाच लिहा. दुसरी ओळ, आणीबाणीची, सगळ्यात महत्त्वाची आहे. तिच्याकडे शेवटी येते.

‘कुठून’च्या जागी मशिनची नावं लिहायचा मोह टाळा. आकडेच लिहा. नाव लिहिलं की नाव-पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेवर विसंबावं लागतं, आणि ती दुसऱ्याच्या हातात असू शकते. २०२४ मध्ये पॅम_ॲक्सेसमध्ये नेमकी अशी त्रुटी उघड झाली: यादीतला सेवेचा किंवा टर्मिनलचा शब्द मशिनचं नाव समजून तपासला जाई, आणि त्या नावाचं मशिन उभं करणाऱ्याला आत शिरता येत असे. सुरक्षेचे अपडेट वेळेवर घ्या, म्हणजे हा विषय तिथे संपतो.

तिसरी गोष्ट, तो मुलगा. तुम्ही त्याचा पासवर्ड बंद केला, पण तो पासवर्डने येतच नव्हता. त्याच्याकडे किल्ली होती, एसएसएचची, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल. किल्लीने येणाऱ्याची ओळख एसएसएच स्वतः पटवतं, पॅमचा पासवर्ड विचारणारा भाग तिथे चालतच नाही. पासवर्डला लावलेलं कुलूप त्या वाटेवर येतच नाही. पण ‘यूज पॅम’ चालू असेल, आणि उबंटूत ते असतं, तर पॅमचा अकाउंट हा भाग किल्लीवाल्यालाही ओलांडावा लागतो. पॅम_ॲक्सेस याच भागात बसतं, त्यामुळे वरची यादी किल्लीवाल्यांनाही लागू होते. खात्याची मुदतही याच भागात तपासली जाते. म्हणून माणूस सोडून गेला की पासवर्डला कुलूप लावून थांबू नका, खात्याची मुदतच संपवा: यूजरमॉड या कमांडला मुदतीची तारीख १ द्या किंवा चेज या कमांडला शून्य द्या. मग किल्ली असो वा पासवर्ड, खातं संपलेलं दिसेल.

त्याच्या होममधल्या ऑथराइज्ड-कीज फाइलमधून किल्लीही काढा. आणि इतर खात्यांच्या त्याच फाइलींत त्याची किल्ली कुठे चिकटवलेली नाही ना, ते बघा. ‘जरा माझ्या खात्यातून कर’ म्हणत सीनियर माणसं स्वतःच शिकाऊ मुलांच्या किल्ल्या आपल्या खात्यात घालून देतात. यात त्या मुलाचा काही दोष नाही. त्याला दार उघडं दिसलं, तो आला, आपलं काम घेऊन गेला. आणखी एक लक्षात ठेवा, हे सगळे नियम दारावरचे आहेत. आत बसलेल्याला ते उठवत नाहीत. त्याचं एखादं सेशन चालू असेल तर लॉगिनसीटीएल ही कमांड वापरून ते संपवा, आणि त्याचा क्रॉनटॅब, म्हणजे क्रॉनवर लावलेल्या कामांची यादी, बघून पुसा.

पुढच्या खेपेला हे टाळायचं असेल तर शिकाऊ मुलाचं खातं उघडतानाच मुदत घाला. त्याचं ट्रेनिंग कोणत्या तारखेला संपणार हे कॉलेजच्या पत्रातच लिहिलेलं असतं. खातं उघडणाऱ्या यूजरॲड कमांडला तीच तारीख द्या. वाढवून हवी असेल तर तो स्वतः येऊन मागेल. सोडून जाताना मात्र ‘माझं खातं बंद करा’ म्हणून सांगायला कोणी येत नाही.

एसएसएचच्या स्वतःच्या नियमांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. तिथे अलाऊ-ग्रुप्स, अलाऊ-यूजर्स आणि त्यांचे डिनाय-जोडीदार आहेत. त्यातला नियम वेगळा आहे: अलाऊ-ग्रुप्स एकदा लिहिलं की त्यात नसलेला प्रत्येक जण बाहेर. एसएसएच आणि पॅम, दोन्ही पहारे पार केले तरच माणूस आत येतो. मी दोन्हीकडे सगळं लिहीत नाही, कारण एकीकडे बदल करून दुसरीकडे विसरायला होतं. अलाऊ-ग्रुप्समध्ये फक्त गट, आणि कुठून यायचं ते फक्त ॲक्सेस.कॉन्फमध्ये, अशी वाटणी केली की सहा महिन्यांनीही डोक्यात राहते. हो, ‘शिकाऊ’ गट त्या ओळीत घालायला आणि आणीबाणीचं खातं मुद्दाम न घालायला विसरू नका.

पासवर्डने लॉगिन बंद करणार असाल तर पासवर्ड-ऑथेंटिकेशन आणि केबीडी-इंटरॲक्टिव्ह-ऑथेंटिकेशन दोन्ही ‘नो’ करा. एकच बंद केलं तर पॅमचा पासवर्ड दुसऱ्या वाटेने विचारला जातो. आणि एसएसएचडी_कॉन्फिगच्या तळाशी बदल करून निर्धास्त होऊ नका. उबंटूत या फाइलच्या वरच्या भागातच एसएसएचडी_कॉन्फिग.डी फोल्डरातल्या फाइली ओढून घेणारी ओळ असते, आणि एसएसएचमध्ये एखाद्या गोष्टीला पहिल्यांदा दिलेली किंमत टिकते. क्लाउडच्या तयार इमेजमधून बसवलेल्या मशिनवर त्या फोल्डरात पासवर्ड चालू ठेवणारी फाइल मला अनेकदा सापडली आहे. खाली तुम्ही कितीही ‘नो’ लिहा, वरचं ‘येस’ आधी वाचलं जातं. एसएसएचडीला मोठ्या अक्षरातला ‘टी’ पर्याय देऊन चालवलं की शेवटी कोणती किंमत लागू होते ते छापून मिळतं. फाइलीवर नाही, त्या छापावर विश्वास ठेवा.

शिकाऊ मुलांना संध्याकाळनंतर बंद ठेवायचं असेल तर पॅम_टाइम आहे, त्याची फाइल टाइम.कॉन्फ. त्यात साधे लिनक्सचे गट चालत नाहीत, खात्यांची नावं उभ्या रेघेने जोडून लिहावी लागतात. आठवड्याच्या दिवसांसाठी ‘डब्ल्यूके’ लिहाल तर ते सोमवार ते शुक्रवार धरतं. आपल्याकडे कारखाने शनिवारी चालू असतात, तेव्हा वार एकेक करून लिहा, नाहीतर शनिवारी सकाळी मुलं दाराबाहेर आणि तुमचा फोन वाजतोय. सहाला दार बंद झालं तरी पाच वाजून पन्नास मिनिटांनी आत आलेला तसाच बसून राहतो, हे इथेही आहेच.

चुकीचे पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकणाऱ्यांसाठी पॅम_फेललॉक लावा. सुरुवातीच्या मापाप्रमाणे ३ चुका झाल्या की ६०० सेकंद खातं अडतं. तेवढं पुरे आहे.

आता हे सगळं चालू मशिनवर करायचं कसं. आधी एक रूटचं सेशन उघडून ठेवा आणि काम संपेपर्यंत त्याला हात लावू नका. ॲक्सेस.कॉन्फ प्रत्येक लॉगिनला नव्याने वाचली जाते, त्यामुळे सेव्ह केल्या क्षणी नियम लागू होतो, रिस्टार्ट लागत नाही. सोय आहे तशी धास्तीही. एसएसएचडीच्या फाइलीला मात्र रीलोड लागतो, आणि त्याआधी छोट्या ‘टी’ पर्यायाने तपासणी. मी आणखी एक करते. बदल करण्याआधी जुन्या फाइलची प्रत काढते आणि ठरल्या वेळी एकदाच काम करणाऱ्या ‘ॲट’ला सांगून ठेवते, १० मिनिटांनी ही जुनी प्रत परत जागेवर ठेव. सगळं नीट झालं तर ते काम रद्द करायचं. नाही झालं आणि मी बाहेर अडकले, तर दहा मिनिटं थांबायचं, दार आपोआप पूर्वीसारखं होतं.

तपासताना फक्त ज्याला अडवायचंय तो अडला का एवढं बघून थांबू नका. वहीतल्या प्रत्येक ओळीचा माणूस प्रत्यक्ष आत येतोय का बघा, त्याच्या खऱ्या जागेवरून. पॅमटेस्टर नावाचं छोटं साधन आहे, त्यात खातं, सेवा आणि ‘कुठून’चा पत्ता देऊन अकाउंटचा भाग तपासता येतो, म्हणजे सपोर्टवाल्याला रात्री उठवावं लागत नाही. अडलेल्यांची नोंद ऑथ.लॉगमध्ये मिळते: पॅम_ॲक्सेसचं नाव, खातं आणि पत्ता एकाच ओळीत. पहिला आठवडाभर रोज सकाळी ती फाइल उघडा. वहीत राहून गेलेली माणसं आणि कामं तिथेच सापडतात.

आता आणीबाणीची ओळ. २०२१ च्या जुलैमध्ये मी शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा सर्व्हर सांभाळत होते. माझी यादी कडक होती आणि मला तिचा अभिमान होता: कारखान्याचं नेटवर्क, माझ्या शहरातल्या घरच्या कनेक्शनचा स्थिर पत्ता, आणि खाली सगळ्यांना बंद. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि शहर व एमआयडीसी यांच्यातला रस्ता बंद झाला. माझ्या घरचं ब्रॉडबँड गेलं. मोबाइलवरून जोडणी केली तर पत्ता वेगळा, म्हणून माझ्याच नियमाने मला दारातून परत पाठवलं. पुण्याच्या गिऱ्हाइकाला ड्रॉइंग तातडीने हवी होती. कारखान्यात अडकून पडलेला सुपरवायझर सर्व्हरच्या पडद्यासमोर बसला होता, मी फोनवर एकेक अक्षर सांगत होते. त्याचं खातं बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी नकार. कारण ‘सगळ्यांना बंद’मध्ये समोरचा कीबोर्डही येतो, आणि मी कन्सोलसाठी कोणालाच ओळ लिहिली नव्हती. रूटही चालला नाही, कारण उबंटूत रूटचा पासवर्ड मुळातच बंद असतो. मशिन जनरेटरवर व्यवस्थित चालू होतं, इंटरनेट होतं, माणूस समोर बसला होता, आणि ड्रॉइंग पाणी ओसरून मी तिथे पोहोचेपर्यंत गेली नाहीत.

त्या सुपरवायझरचा फोनवरचा आवाज अजून आठवतो. तो मला धीर देत होता, आणि चूक माझी होती.

तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. माणसांच्या घरचे पत्ते यादीत लिहिणं मी बंद केलं. त्याऐवजी व्हीपीएन, म्हणजे मोबाइलवरून आलं काय, पाहुण्यांच्या घरून आलं काय, सर्व्हरला पत्ता तोच दिसतो. आणि जुन्या वाड्याच्या मोठ्या दाराला जशी दिंडी, म्हणजे छोटं दार, असते तसं एक खातं: सुडोचा (रूटसारखी कामं करायचा) अधिकार असलेलं, किल्ली नसलेलं, एसएसएचच्या गटात नसलेलं, फक्त पहिल्या कन्सोलवरून चालणारं. वरच्या यादीतलं ‘आणीबाणी’ ते हेच. त्याचा लांबलचक पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट चिकटवून मालकांच्या तिजोरीत ठेवायचा. ते वापरलं गेलं तर ऑथ.लॉगमध्ये दिसतं, म्हणून कोणी गुपचूप वापरेल ही भीती नको.

पाकीट ठेवून मात्र विसरू नका. दर वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, मी ते पाकीट मालकांसमोर फोडते, सर्व्हरच्या पडद्यासमोर बसून त्या खात्याने आत जाते, पासवर्ड बदलते आणि नवं पाकीट पुन्हा तिजोरीत ठेवते. तुमच्याकडे खातं नवीन आहे, तेव्हा पहिल्यांदा ते याच आठवड्यात करून बघा, आणि पडद्यासमोर तुम्ही स्वतः बसू नका. ज्याला यातलं काही माहीत नाही अशा कोणाला तरी बसवा आणि फोनवरून सांगा.